आईने निवडलेला चेहरा

आईच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट. पनागरहून तिला जबलपूरच्या दवाखान्यात आणल्यापासून मी धड झोपले नव्हते. घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, म्हणून डॉक्टरांशी बोलणं माझ्याकडे. शिकवलं तिनेच, बाजारात भाजी विकून. त्यामुळे तक्रार नव्हती. फक्त दमले होते.

दुपारी नर्स एक पुठ्ठा घेऊन आली. त्यावर ओळीने गोल चेहरे काढलेले, पहिला हसरा, शेवटचा रडका.

"अम्मा, कितना दर्द है? उंगली रखिए."

आईने सगळे चेहरे नीट पाहिले आणि हसऱ्यावर बोट ठेवलं.

"बढ़िया! फिर इंजेक्शन की जरूरत नहीं," नर्स म्हणाली.

पण आईच्या दुसऱ्या हाताने पलंगाची दांडी आवळून धरली होती. मी वाकून विचारलं, "आई, दुखून राहिलं ना?"

"दुखते ना. सकाळपासून जीव चालला."

"मग हसऱ्यावर काहून बोट ठेवलं?"

"अन् हे शेवटचं पाह्य, कसं तोंड करून बसलं! परक्या माणसासमोर असं करते का कोणी?"

तिच्या सासरी बाईचं तोंड जरा वाकडं झालं, की तिला कामाचा कंटाळा आला असं समजत. दुखणं कोणी जमेस धरतच नसे. तिचा चेहरा तिथे घडलेला. नर्सला मी हे जमेल तसं सांगितलं. ती भली होती, पण म्हणाली, "दीदी, पेशंट खुद बताए तभी दे सकती हूँ."

मला आणखी समजावायचं त्राण नव्हतं. मी आईला एवढंच विचारलं, "माझं हाड असं मोडलं असतं, तर मी कोणतं तोंड केलं असतं?"

तिने लगेच रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "तू? तू तर अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला असता!"

मी ते हिंदीत सांगितल्यावर नर्सला हसू आलं. मग तिने हळूच विचारलं, "और अम्मा, आपका दर्द इससे कम है?"

आईने मान खाली घातली. बोट मात्र उचललं नाही.

"नहीं," ती म्हणाली.

सुई टोचताना ती नर्सकडे पाहून हसली, "जीती रहो बेटी" म्हणाली. नर्स गेल्यावर तिने पदर तोंडावर ओढून घेतला आणि आत कण्हू लागली. औषध चढेपर्यंत मी स्टुलावर बसून ते ऐकत राहिले.