उन्हाने उडालेला पिवळा

मुंजाजीराव ढगे सरांना मी प्रथम पाहिले ते आमच्या पूर्णेच्या घरी, खिडकीपाशी, माझ्याकडे पाठ करून बसलेले. माझे यजमान मधुकरराव रेल्वेत नोकरीला होते आणि त्यांना टपाल तिकिटे जमवण्याचा नाद होता. सर जिंतूरच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येत. त्या दिवशी दोघांच्या पुढ्यातला चहा निवून गेला. मी दुसरा ठेवायला निघाले, तेव्हा मधुकरराव म्हणाले, "राहू दे. नवीन कप दिसला की सर त्याचीच छपाई तपासत बसतील."

तिकिटात रंग सरकला आहे का, एखादी रेघ जास्त उमटली आहे का, हे सरांइतके बारकाईने आपल्या तिकीट-संग्राहक मंडळात कोणी पाहत नाही. तरी तिकीट हाती आल्या दिवशी ते निकाल देत नाहीत. मंडळातले उतावळे सदस्य रागावतात. सर म्हणतात, "आज मला जे पाहिजे तेच दिसायलंय. उद्या बघू."

मधुकरराव गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात परभणीला मंडळाचे प्रदर्शन ठरले. त्यांचे एक तिकीट तिथे लागावे, अशी माझी फार इच्छा होती. पक्ष्याचे चित्र, आणि मागची पाने हिरवी असायची ती निळी. हिरव्यात पिवळा असतो, तोच छापायचा राहून गेला, आणि असे चुकलेले तिकीट फार दुर्मिळ, असे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. त्यांच्या नावावर दुसरे काही मोठे नव्हते. हे तरी त्यांच्या नावाने लोकांनी पाहावे, एवढेच मला हवे होते.

सर आले. तिकीट दारातल्या उजेडात धरून बराच वेळ पाहिले आणि "उद्या बघू" म्हणून परभणीला मुक्कामाला गेले. सकाळी परत आले, पुन्हा पाहिले. मग माझ्याजवळ येऊन बसले आणि भिंग माझ्या हाती दिले.

"वहिनी, शिक्क्याच्या शाईच्या कडेला बघा. काय दिसतंय?"

बारीकसा हिरवा ठिपका होता.

"शाईनं झाकलं तेवढं वाचलं. बाकीचा पिवळा उन्हानं खाल्लाय. हे लावलेलं पाकीट कुठंतरी खिडकीत पडून असंल."

भिंग खाली ठेवून मी विचारले, "त्यांना माहीत होतं का हो?"

"न्हाई सांगता येत. त्यांनी हे मला कधी तपासायलाच दिलं न्हाई. म्हणायचे, सर, हे सोडून बाकीचं बघा. मीबी मागितलं न्हाई."

मी तिकीट पाकिटात घातले. "मग नका लावू. लोक हसतील त्यांना."

सर लगेच म्हणाले, "माझ्याजवळ लावू. माझं एक पान लोकांनी हसण्यासाठीच असतंय."

प्रदर्शनात सरांचे पहिले पान नेहमी त्यांच्या चुकलेल्या निकालांचे असते, हे आपण जाणतोच. त्या वर्षी त्यांनी उन्हाने फिकटलेले स्वतःचे एक तिकीट काढले, शेजारी आमचे लावले आणि खाली मधुकररावांचे नाव आपल्या सुंदर अक्षरात लिहिले. नावाखाली कारणही लिहिले, काही लपवले नाही. दिवसभर ते त्या पानापाशीच उभे होते. एका गृहस्थांनी विचारले, "म्हणजे हे खोटं तिकीट?"

"तिकीट खरं हाय. रंग गेलाय," सर म्हणाले. "आमी दोघं बी फसलो. तुमी फसू नका म्हणून लावलंय."

त्या पानापाशी सर्वांत जास्त गर्दी होती. शाळेच्या मुली भिंग मागून घेऊन तो हिरवा ठिपका शोधत होत्या आणि सापडला की मधुकररावांचे नाव मोठ्याने वाचत होत्या. मी बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. ते गेल्यापासून घरात त्यांचे नाव कोणी इतक्यांदा घेतले नव्हते.

सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले. मला भाषण करता येत नाही, म्हणून हे लिहून दिले. सरांची नजर शाबूत राहो, हात स्थिर राहो, आणि खरे सांगायचे असेल तेव्हा माणसाच्या जवळ येऊन बसणारे असे आमचे सर आम्हाला पुष्कळ वर्षे लाभोत.