मारोतराव वाचत नाही

"मारोतराव वाचत नाही म्हणते," शेजारच्या कापड दुकानाचे शेठजी हॉटेलच्या दारात येऊन म्हणाले, "धंतोलीहून त्याच्या बहिणीचा फोन होता, मधातच कटला." गिऱ्हाईक सोडून आले होते, तसेच परत गेले. आम्ही वीसेक माणसं हसलो. मी सगळ्यांत मोठ्यानं. "ऐन टायमाले भेला गा हा! बसा, येते तो," असं वर म्हणालोही... महिना उलटला, ते हसणं माझ्या कानातून जात नाही.

इतवारीतलं ते हॉटेल मारोतच्या आजोबांचं, धान्यबाजारातल्या हमालांना चहा पाजत उभं राहिलेलं. साठ सालानंतर ते मारोतच्या हाती आलं आणि त्यानं पेढ्या-जिलबीच्या काचेच्या कपाटात पुस्तकं भरली. कुणीही काढावं, बसावं, चहा घेतलाच पाहिजे असं नाही. रविवारी दुपारी धंदा बंद, वाचन सुरू. विणकर यायचे, गिरणीतले यायचे, आमच्यासारखे मास्तर तर होतेच. नवा कवी भराभर वाचत सुटला की मारोत म्हणायचा, "काहून घाई करून राहिला गा? कागद काय पळून जाते?"

स्वतः मात्र कधी वाचायचा नाही. लिहितो, हे मला ठाऊक होतं. पंधरा वर्षं मी त्याच्या मागे लागलो होतो आणि त्या रविवारी तो एकदाचा कबूल झाला. सकाळी म्हणाला, "शांतीले घेऊन येतो. तिच्यासमोरच वाचतो." शांता त्याची धाकटी बहीण. तिच्या दारातच त्याच्या छातीत कळ आली. तिनं जवळच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून शेठजींना फोन केला: दादा वाचत नाही, मास्तरांना लवकर पाठवा. अर्धंच पोचलं. शेठजींनाही मारोतच्या वाचनाचं माहीत होतं, त्यांची काय चूक? त्या दुपारी आमच्या हॉटेलात 'वाचणं' या शब्दाला दुसरा अर्थ उरलाच नव्हता.

तासभर आम्ही त्याची थट्टा करत बसलो. मग शांताचे यजमान सायकलवर आले, घामानं भिजलेले. "मारोतभाऊ गेले," म्हणाले. आणि मी विचारलं, "कुठं गेला?"

शांता नंतर एवढंच बोलली, "दाराकडंच पाहून राहिला होता. मास्तर येते म्हणे." सायकलनं वीस मिनिटांची वाट होती...

परवा शांताबरोबर हॉटेलात गेलो. आत चुलीच्या खोलीत खिळ्याला त्याचा इस्त्रीचा पांढरा सदरा अजून टांगलेला आहे. बहिणीला घेऊन आल्यावर घालणार होता. खिशात घडी घातलेला कागद. शांता म्हणाली, "काढा नं मास्तर, वाचून दाखवा." हात खिशापर्यंत गेला, पुढे जाईना. त्यानं बोलावलं तेव्हा मी हसत बसलो होतो. आता त्याचं कोणत्या तोंडानं वाचू?