नाव घातलेलं ताट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. सांगायला तोंड उघडलं की कडू पाणी सुटतं — मग गिळून टाकते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

मी निफाडची. वडील मुख्याध्यापक, घरी भांड्याला बाई. स्पर्धा परीक्षेच्या एका निवासी वर्गासाठी नाशिकला राहायला गेले, तेव्हा तिथल्या भिंतीवर वागणुकीचे नियम लावलेले होते. आपलं ताट आपण धुवायचं. एकमेकींचा मान राखायचा. मी गटप्रमुख, त्यामुळे पहिल्या दिवशी ते मीच खणखणीत आवाजात वाचून दाखवले.

आणि ताट धुणं मलाच जमेना. ती मोरी — कसं सांगू? जाळीवर कुणाकुणाची फुगलेली पोळी, वर वरणाचा तवंग, त्यात तरंगणारी मिरची. पण ‘जमेना’ हे तरी खरं का? हात धड होते की माझे. ते काम माझं नाही, असं वाटायचं, एवढंच.

एका सकाळी पोह्यांचं ताट मी तसंच खाटेखाली सरकवलं. दुपारी रिकाम्या हातानं जेवायला गेले आणि फळीवरचं एक स्वच्छ ताट उचललं. काठावर नाव घातलेलं — सुनंदा. पेठकडच्या पाड्यावरची मुलगी. घरून निघताना तिच्या वडिलांनी मुद्दाम नाव घालून दिलेलं ताट. आल्या आल्या सगळ्यांना दाखवलं होतं तिनं. ती आधीच जेवून, ताट धुऊन वर्गात गेली होती. मी त्यात जेवले. मोरीपाशी कुणी नव्हतं. उष्ट्यासकट ते ताट मोरीच्या कट्ट्याखाली ढकललं आणि हात धुऊन निघाले.

संध्याकाळी आमच्यावर देखरेख करणाऱ्या मॅडमना ते सापडलं. भात आंबलेला, त्यावर माश्या. मॅडमनी सगळ्यांसमोर ताट उंच धरून नाव वाचलं.

“म्या तं धुऊन ठिवलं व्हतं, मॅडम,” सुनंदा म्हणाली. एकदाच म्हणाली. मग ताटाकडे बघत राहिली. मागून कुणीतरी पुटपुटलं, यांना सवयच नसते स्वच्छतेची. मी काय केलं? मी हसले. गटप्रमुख ना मी!

मॅडमनी बजावलं, पुन्हा तक्रार आली तर घरी पाठवू. घरी म्हणजे कुठे? चुलते स्थळं बघत होते तिच्यासाठी. वडिलांनी एकट्यानं हट्ट धरून तिला इथे पाठवलं होतं. हे तिनं मलाच सांगितलं होतं, विश्वासानं.

अजून एक आहे. तेच खरं तर सांगायचंय, मघापासून आजूबाजूला घुटमळतेय. फळीवर दुसरीही ताटं होती — नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या, बड्या घरच्या मुलींची. त्यातलं एखादं गेलं असतं तर त्यांनी आकाशपाताळ एक करून मला शोधून काढलं असतं. सुनंदा भांडणार नाही, हे मला ते ताट उचलतानाच माहीत होतं. मोरीची कसली किळस घेऊन बसले होते मी? आज स्वतःच्या हातांकडे बघून शिसारी येते.

मॅडमनी तिला प्रत्येकीपुढे जाऊन माफी मागायला लावली. ती एकेक करत माझ्यासमोर आली. डोळे कोरडे होते, हात जोडलेले. तेव्हा तरी बोलायचं — एक वाक्य तर होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “असू दे. पुन्हा असं करू नकोस.”

ती माझ्याहून वयानं मोठी होती. “हो ताई,” म्हणाली, आणि पुढच्या मुलीकडे गेली.