अर्ध्या भाड्याची देशभक्ती

हिराबाई भाडं वसूल करायला गिरगावात गेल्या आणि दुपारच्या आत आमच्या फोर्टातल्या ऑफिसात येऊन थडकल्या. चारही दुकानदारांनी त्यांना अर्धंच भाडं दिलं होतं. तेही हसतमुखानं, चहा पाजून.

हिराबाई माहीमच्या कोळीवाड्यातल्या. नवरा गेल्यावर दोन्ही होड्या विकून त्यांनी गिरगावातल्या एका गल्लीतली चार दुकानं विकत घेतली होती. म्हातारपणी डोक्यावर माशांची टोपली नको, एवढीच त्यांची इच्छा. कागद तपासणारा सॉलिसिटर मी. नवा होतो, त्यामुळे फारच हुशार होतो.

दुकानं विकणारे नानासाहेब म्हणजे गल्लीतले नामांकित देशभक्त. त्यांनी दिलेल्या यादीत चारही दुकानांचं पूर्ण भाडं लिहिलं होतं, खाली झोकदार सही. भाडेकरू असलेल्या जागेची किंमत भाड्यावरून ठरते. भाडं फुगवलं की किंमत आपोआप फुगते. मी सात दिवस रजिस्ट्रारकडे सर्च घेतला, म्हणजे मालकीचे जुने दस्त धुंडाळले. नानासाहेबांच्या पणजोबांपर्यंत सगळं स्वच्छ निघालं. दुकानांकडे मात्र एकदाही फिरकलो नाही. सॉलिसिटरनं शिंप्याच्या दुकानात जाऊन करायचं काय?

आता जावंच लागलं. पहिलं दुकान पेडणेकर टेलरांचं. त्यांनी मशीन थांबवलं, भिंतीवरची एक फ्रेम काढली आणि माझ्या हातात दिली. आत नानासाहेबांचं पत्र होतं. हरताळांमुळे धंदा बसला होता, तेव्हा त्यांनी गल्लीतल्या सभेत लाऊडस्पीकरवरून जाहीर केलं होतं की बेळगाव-कारवारसह संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत माझ्या दुकानदारांनी अर्धंच भाडं द्यावं. टाळ्या झाल्या, हार पडले, आणि त्या भरात त्यांनी चौघांना तसं लिहूनही दिलं.

राज्य दोनेक महिन्यांत होईल असा नानासाहेबांचा अंदाज होता. दिल्लीला त्यांच्या भाड्याची कल्पना नसावी. दोन वर्षं वाट पाहून त्यांनी दुकानंच फुंकून टाकली. मालकानं लेखी दिलेली सवलत जागेबरोबर नव्या मालकाकडे जाते, त्यामुळे नानासाहेबांची देशभक्ती आता हिराबाईंच्या गळ्यात पडली होती.

"सगळ्या गिरगावाक म्हायत होतां," पेडणेकर म्हणाले. "तुमकाच कसां नाय?"

माझ्या सीनियरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोर्टाहून गिरगावला ट्रामचं तिकीट किती पडतं, एवढंच विचारलं. हिराबाई इतक्या सभ्य नव्हत्या.

"मी म्हावरा घेताना कल्ला उघडून बगतंय, ताजा हाय का," त्या म्हणाल्या. "तू काय बगलास?"

मला लाज वाटली. अर्ध्या भाड्यात भागेना, म्हणून त्याच सकाळी हिराबाई पुन्हा टोपली घेऊन माहीमच्या बाजारात बसल्या होत्या.

आम्ही नोटीस धाडली. नानासाहेबांच्या वकिलांचं उत्तर आलं की जी गोष्ट लाऊडस्पीकरवरून सांगितली आणि चार भिंतींवर टांगली आहे, ती लपवली कशी म्हणता? साध्या चौकशीत कळण्यासारखी गोष्ट विकणाऱ्यानं मुद्दाम सांगायची गरज नसते, असा कायदा आहे खरा. आमच्या हातात ती सहीची यादी होती. त्यावर वकील म्हणाले, यादीत लिहिलंय ते मूळ भाडं. दावा लावला असता तर तो सहा-सात वर्षं सहज चालला असता. हिराबाईंची साठी उलटली होती.

मी दाव्याचा मसुदा घोळवत बसलो. हिराबाई थांबल्या नाहीत. चारही दुकानदार आणि मला घेऊन त्या थेट नानासाहेबांच्या दिवाणखान्यात गेल्या. नानासाहेब म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला उभे राहणार होते, कार्यकर्ते बसलेले होते.

"सभेत बोललास ता खरा का खोटा, तेवढाच सांग," हिराबाई म्हणाल्या. "खरा असल तर उरलेला भाडा तू दे. खोटा असल तर यांच्या तोंडावर बोल."

नानासाहेबांनी कार्यकर्त्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "लिहा."

किंमत कमी करायला ते तयार होईनात. राज्य आज ना उद्या होणारच, मग कशाला? त्यापेक्षा सवलत असेपर्यंत उरलेलं अर्धं भाडं दरमहा देतो, म्हणाले. मी त्यांच्याच पत्रातले शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. आयुष्यात इतका चोख मसुदा मी पुन्हा केला नाही.

एक मेला राज्य झालं. गल्लीत रोषणाई झाली, पेढे वाटले गेले आणि जूनपासून नानासाहेबांनी पैसे बंद केले. दुकानदार मात्र अर्धंच भाडं देत राहिले. बेळगाव खंय इलां, असं त्यांनी मला विचारलं. मी तोच प्रश्न नानासाहेबांपुढे ठेवला. ते तोवर निवडून आले होते, आणि बेळगावशिवाय महाराष्ट्र अपुरा आहे हे त्यांनी त्याच आठवड्यात चौकात ठणकावून सांगितलं होतं. त्यांनी मुकाट्यानं चेक लिहिला. शेवटपर्यंत लिहीत राहिले.

हिराबाईंनी टोपली सुनेला देऊन टाकली. माझी फी मात्र त्यांनी अर्धीच दिली. मी पूर्ण मिळाल्याची पावती लिहून दिली.

तेव्हापासून जागेचा व्यवहार आला की मी आधी भाडेकरूकडे चहा पितो आणि मग कागद उघडतो. कागद कुठे पळून जात नाहीत आणि मुंबईतला भाडेकरू तर मुळीच नाही. घाई फक्त विकणाऱ्याला असते.