सुमनकाकीचा सत्कार

सुमनकाकी आज पहाटे गेली.
आजारपण निमित्त. वाट बघून बघून मेली ती.

ओळखत नसाल त्यांच्यासाठी सांगते. काकी जासईची, पनवेलच्या मार्केटात मासळी विकायची. तिची मुलगी प्रमिला, तीन पोरींची आई. परत दिवस गेले, तिला नको होतं. गर्भपातासाठी सरळ हॉस्पिटलात गेली.

"नवऱ्याची सही आणा."

नवऱ्याला मुलगा हवा होता. तो कसली सही देतोय!

कायद्यात सज्ञान बाईला स्वतःची सही पुरते. नवऱ्याची लागतच नाही. तरी मागतात. खारघरच्या चकाचक क्लिनिकमध्येसुद्धा मागतात.

प्रमिलाने मग कुणाकडून तरी गोळ्या आणून घेतल्या. त्यातच संपली.

मी बायकांच्या संघटनेत काम करते, तर काकीला घेऊन विधानभवनात गेले, आमदारांच्या बैठकीला. मागणी एकच: ही सही मागू नका, असं परिपत्रक सरकारला सगळ्या हॉस्पिटलांसाठी काढायला लावा.

आणि आपल्याकडे आधी काय होतं? सत्कार! शाल, नारळ, फोटो.
मग म्हणाले, "वेळ कमी आहे, थोडक्यात बोला."

काकीने शाल काढून टेबलावर ठेवली.
"सत्कार कसला, सायेब? माजी पोर मेली हाय. मी काय बैलांची शर्यत जिंकून आलेय?"

आमच्या भागातले आमदार घसा खाकरत म्हणाले, "मावशी, कुटुंबाचाही विचार करावा लागतो."

"माजी पोर कुटुंबात नवती का?"

"परिपत्रक काढून घेतो," असा शब्द त्यांनीच दिला.

मग माझे फोन सुरू. अधिवेशन चालू आहे. इलेक्शन आहे. साहेब दौऱ्यावर आहेत.
काकी विचारायची, "निंगाला का गो बाय कागद?"
"निघेल काकी," मी म्हणायचे. दुसरं काय बोलणार, कप्पाळ?

आज अमरधामात तेच साहेब हजर. शोकसभेचा माईक घेतला आणि सुटले. रणरागिणी काय, माऊली काय! अग्नी द्यायचा खोळंबला होता, पण आज वेळच वेळ होता.

बोलून झाल्यावर मी गाठलं. "परिपत्रकाचं काय झालं?"

"ताई, आज राजकारण नको. प्रसंग बघा जरा."

संताप संताप झाला नुसता.

घरी येऊन आंघोळ करते तोच तळोज्याहून एकीचा फोन. रडत होती. हॉस्पिटलने परत पाठवलंय.
का पाठवलं, ते मी विचारलंच नाही.

काकी, तुला शांती लाभो असं लिहवत नाही गं.
उद्या सकाळी मी तिच्याबरोबर जातेय.
तू जा आता.