कोरडी राख

हे मी आजवर कुणाला बोलले न्हाय. नवऱ्याला न्हाय, आईला न्हाय, तुळजापूरला देवीपुढं डोकं टेकलं तवाही न्हाय. आज बोलते. पण आधीच सांगून ठेवते — मी रडणार न्हाय, आन् तुम्ही मला बरं म्हणावं म्हणूनही सांगत न्हाय. नुसतं ऐका.

आमचं गाव येडशीच्या अलीकडं, रामलिंगाच्या डोंगराखाली. मी सांगते तवा निजामावरच्या पोलीस ॲक्शनला सात-आठ वर्षं झाली असतील. निम्मी घरं गवताच्या छपराची, परड्यापरड्यात कडब्याच्या गंजी, आन् चैत्र सरला की असं वारं सुटायचं, वाळत घातलेलं लुगडं हातानं धरून बसावं लागायचं. एक ठिणगी पडली तर आळीच्या आळी जायची. म्हणून दरसाल दवंडी पिटायची — दिवस कासराभर वर आला की चुली विझवा, राखेवर पाणी ओता, मगच उकिरड्यावर टाका. दिवस मावळून वारं पडेपर्यंत कुणी विस्तव करायचा न्हाय. दुपारी गार भाकर आन् कांदा.

नियम चांगला होता. मी कुठं वाईट म्हणते? पण राखेवर ओतायला पाणी कुठलं, हे दवंडी पिटवणाऱ्यांनी कधी विचारलं? वैशाखात आमची विहीर आटायची. ओढ्यात झरा उकरायचा, वाटीवाटीनं घागर भरायची, आन् अर्धा कोस डोक्यावर आणायची. खाली फुफाटा, वर ऊन. त्या घागरीत सासरा, नवरा, शेळी, पाच महिन्यांचं लेकरू — आन् वर राखेला तांब्याभर? चावडीवर बसून हुकूम सोडणाऱ्यांनी एकदा तरी घागर उचलली होती का? म्हणून मी राख कोरडीच टाकायची. वरून पायानं माती लोटायची. निम्मा वैशाख असंच केलं, काय झालं न्हाय.

त्या दिवशी उशीर झाला. लेकराचं अंग तापलं होतं, चूल पेटवायलाच दिवस वर आला. भाकरी उरकल्या, राख घमेल्यात भरली, उकिरड्यावर नेली. घमेलं हाताला पोळत होतं — मला कळत होतं. कळलं न्हाय असं म्हणणार न्हाय. वारं तर सुटलेलंच होतं. माती लोटली, लेकरू सासऱ्यापाशी ठेवलं आन् झऱ्यावर गेले.

परत येते तर धूर. उकिरड्याला लागून सरूआक्काच्या दिराची गंजी, गंजीला लागून गोठा. दोन्ही गेलं. दावणीला गाय होती, गाभण. दावं सोडायला कुणाला आत जाता आलं न्हाय. तिचा आवाज — जाऊ द्या.

सरूआक्का म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची. लगीन झालं त्याच वर्षी तिचा नवरा वारला, तवापासून दिराच्या घरात राबून खायची. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी थोरली. मी नवी नवरी आले तवा मला भाकर थापता येत न्हवती, घरात सासू न्हवती. तिनंच शिकवलं. बाळंतपणात अंग चोळलं तेही तिनंच. तिला नाद एकच, मिश्रीचा. तव्यावर तंबाखू काळी भाजायची आन् दिवसातनं चारदा दात घासत बसायची. दवंडी असो का आणखी काय, मिश्री संपली की दोन काटक्या पेटवायचीच. गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं समदे जमले. आळीतल्या एकेका बाईला विचारलं. माझी पाळी आली. म्या सांगितलं, चूल सकाळीच विझवली, राख ओली करून टाकली. इथंच थांबले असते तर — तर नुसती भित्री ठरले असते. पण पाटील माझ्याकडं बघत राहिले. आन् माझ्या तोंडून निघालं, "सरूआक्काच्या परड्यात म्या धूर बघितला. मिश्रीचा वास येत होता."

त्या सकाळी तिच्या परड्याकडं म्या बघितलंसुद्धा न्हवतं.

तिला विचारलं. ती म्हणाली, व्हय, तंबाखू भाजली, पण विस्तव विझवला होता. झालं! दिराला एवढंच पाहिजे होतं. त्याच आठवड्यात तिचं बोचकं दाराबाहेर आलं. ईट गावाला तिचा भाऊ होता, त्याच्याकडं निघाली. माझ्या दारावरूनच गेली. मी आत लेकराला पाजत बसले होते. उठले न्हाय.

तुम्ही म्हणाल, भ्याली असंल बिचारी. मला बिचारी म्हणू नका. भीती होतीच, सासऱ्यानं लेकरासकट बाहेर काढलं असतं. पण भ्यालेलं माणूस गप बसतं — मी बोलले. गाय गेली त्याचं वाईट वाटतं. पण कोरड्या राखेची लाज मी एकटी घेणार न्हाय. पाणी कुठून यायचं ते न बघता हुकूम सोडणाऱ्यांनीही थोडी घ्यावी. सरूआक्काचं नाव घेतलं, ते मात्र माझं. त्यात वाटेकरी कुणी न्हाय.

परवा धाराशिवच्या एसटी स्टँडवर ती दिसली. बारा वर्षांनी. केस पिकलेले, गालफडं बसलेली. म्या तोंड फिरवलं, पण तिनं हाक मारली, जवळ बसवून घेतलं. लेकराचं विचारलं, किती मोठं झालं म्हणाली. मग माझा हात धरला.

"गोदे, त्या दिवशी विस्तव पुरता विझला का न्हाय, म्या नीट बघितलंच न्हवतं बघ. माझ्यामुळंच जळली ती गाय. तू खरं तेच बोललीस. तुझा राग न्हाय मला."

मिश्री तिनं त्याच दिवशी सोडली होती. गाईच्या नावानं दर सोमवारी उपास धरते म्हणाली.

तोंड उघडायला किती वेळ लागतो? सासरा मरून चार वर्षं झाली. पाटीलही गेले. भ्यायला आता कोण होतं? तेवढ्यात येडशीची गाडी लागली. म्या हात सोडवून घेतला. "जाऊ दे आक्का, होतं असं," म्हणाले, आन् गाडीत जाऊन बसले.