कॅप्स लॉकला लावलं कामाला

माझ्या मॅकवर इन्सर्टचं बटण नाही. घरून रिमोट डेस्कटॉपने मी ऑफिसचा विंडोज संगणक चालवते, आणि तिथल्या जुन्या प्रोग्राममध्ये इन्सर्ट दाबल्याशिवाय नवी नोंद उघडतच नाही. सासूबाईंचं मोडलेलं हाड जुळेपर्यंत मला घरूनच काम करणं भाग होतं. ऑनलाइन मीटिंगमध्ये अडचण सांगितली, तर सर सगळ्यांसमोर गरजले, "एक बटण सापडेना, आणि म्हणे घरून काम करणार! मॅडम, सोमवारपासून मुकाट ऑफिसला या."

मी "हो सर" म्हटलं आणि कीबोर्डकडे बघत राहिले. डाव्या काठावर, ऐन मोक्याच्या जागी, कॅप्स लॉक ऐसपैस बसलं होतं. त्याला येतं काय, तर साधी गोष्ट मोठ्या इंग्रजी अक्षरांत ओरडून सांगणं. सगळीकडे असंच असावं. जागा नाही म्हणून कामाची बटणं काढून टाकतात. ओरडणाऱ्याची खुर्ची मात्र कुणी हलवत नाही.

मी हलवली. एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं आणि कॅप्स लॉकला इन्सर्टच्या कामाला जुंपलं. रविवार संपायच्या आत तुंबलेल्या सगळ्या नोंदी पाठवून दिल्या. सोमवारी सरांचा फोन आला. "जमलं वाटतं, मॅडम?" आवाज चक्क खाली होता.

"जमलं सर. एक बटण नुसतंच बसून होतं, त्याला कामाला लावलं."

फोन ठेवून मी पुन्हा कॅप्स लॉक बडवायला लागले, तशा पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हळू मार. तुटेल ते."

"नाही तुटत, आई. चांगलं दणकट आहे," मी म्हटलं आणि पुढच्या नोंदीसाठी आणखी एक ठोसा हाणला.